दुहोच्या खिशातल्या बॅटऱ्या

प्यो दुहोने आयुष्यात नऊ वेळा सिगारेट सोडली. त्यातल्या आठ वेळा ती त्याला संध्याकाळच्या आत परत सापडली. एकदा तर डोंगरावरच्या विहारात बुद्धासमोर शपथ घेतली, आणि पायऱ्या उतरून संपायच्या आधीच त्याने खाली उभ्या असलेल्या फुगेवाल्याकडे काडेपेटी मागितली होती.

नवव्या वेळी त्याच्या बायकोने, ओक्रानने, शपथ वगैरे काही मागितली नाही. मुठीत मावेल असं एक काळं, वजनदार वाफेचं यंत्र तिने त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "हे ओढा. नाहीतर उद्यापासून परसात झोपा. परसात कुत्रा आहे, त्याला आधी विचारून घ्या."

कुत्रा कजाग होता. दुहोने यंत्र घेतलं.

आणि काय आश्चर्य, या वेळी सुटली. बत्तीस वर्षांची सिगारेट सुटली. यंत्रात दोन बॅटऱ्या बसायच्या, करंगळीपेक्षा थोड्या लांब आणि अंगठ्याएवढ्या जाड. वर जांभळ्या प्लास्टिकचं पातळ वेष्टण. रोज रात्री चार्ज करायच्या, सकाळी घालायच्या. सहा वर्षं झाली या गोष्टीला. मध्ये दुहोने आणखी एक जोडी विकत घेतली, पण पहिल्या जोडीवरचा जीव काही हलला नाही. पहिलीला तो थोरली म्हणायचा, दुसरीला धाकटी, आणि दोघींमध्ये उघड उघड भेदभाव करायचा.

दुहो कोरियातल्या मिर्यांग शहरातून सोल्गोक खेड्यापर्यंत गावबस चालवत असे. शेवटच्या थांब्यावर आठ मिनिटांची सुट्टी. तिथे पर्सिमन फळाच्या झाडाखाली उभं राहून तो पीचच्या वासाची वाफ सोडायचा, आणि बाजारातून परतणाऱ्या म्हाताऱ्या नाकाला पदर लावल्यासारखा रुमाल लावून म्हणायच्या, "ड्रायव्हर, एवढ्या फळांचा वास आणि हातात एक फळ नाही!"

पूर्वी एकदा चार्ज केलेली थोरली जोडी त्याला दिवसभर पुरायची. मग दुपारपर्यंत पुरायला लागली. या वर्षी शरदात तिसऱ्या फेरीलाच यंत्र मान टाकायला लागलं, आणि हातात धरवणार नाही इतकं तापायला लागलं. दुहोला त्यात दोष दिसला नाही. थंडीचे दिवस, हात शेकायला बरं.

अशातच एके दिवशी तो यंत्रात भरायचा रस आणायला बाँग सुन्हेच्या दुकानात गेला.

सुन्हेबाई पन्नाशीची. बॅटऱ्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर अठरा वर्षं काढून तिने हे दुकान टाकलं होतं. स्वतः ती ना सिगारेट ओढायची ना वाफ. गिऱ्हाइकांशी ती अशी बोलायची की नवखा माणूस चुकून सरकारी कचेरीत आलो की काय म्हणून पाटी बघायला बाहेर जायचा.

"आण ते इकडे," ती म्हणाली. दुहोच्या हातातलं यंत्र तिने घेतलं आणि लगेच दुसऱ्या हातात टाकलं. "दुहोदादा, हे काय आहे? भाजलेलं रताळं?"

"जरा तापतं."

तिने झाकण उघडून बॅटऱ्या काढल्या, डोळ्यांवर चष्मा चढवला. एकीचं वेष्टण फाटलं होतं आणि तिथे दुहोने पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टीखाली कुत्र्याचा एक केसही अडकलेला होता.

"किती वर्षांच्या?"

"सहा."

"महिने?"

"वर्षं."

सुन्हेबाईने चष्मा काढला. "दादा, रोज वापरातली बॅटरी वर्षभर, फार तर दोन वर्षं. तीनशे वेळा चार्ज केली की तिचं आयुष्य उताराला लागतं. तुमचं गणित दोन हजारांच्या वर जातंय. लवकर संपते का?"

"संपते."

"चार्जरवर असतानाही तापते?"

"थोडी."

"आणि वेष्टण फाटलेलं. हे वेष्टण शोभेचं नाही. ही बॅटरी वरच्या टोकाला धन, आणि बाकी सगळं अंग ऋण. मध्ये हा एवढासा कागदासारखा पडदा. तो फाटला आणि तिथे एखादं नाणं, एखादी किल्ली टेकली, की झालं. यातलं एक लक्षण दिसलं तरी मी बदला म्हणते. तुमच्याकडे तर पूर्ण संच आहे."

"चालतंय ना पण अजून."

"माझी सासूही चालते. तिला मी डोंगरावर पाठवत नाही."

तिने काचेच्या कपाटातून नवी जोडी काढून ठेवली. "दोन्ही एकदम बदलायच्या. एक जुनी, एक नवी असं नाही. नवी बिचारी जुनीचं ओझं ओढत बसते, आणि दोघी मरतात."

दुहोने नव्या बॅटऱ्यांकडे पाहिलं. हिरव्या होत्या, चकचकीत, परक्या. एक गोष्ट तो कुणाशीच बोलला नव्हता, ओक्रानशीही नाही. त्याची मनोमन खात्री होती की सिगारेट सुटली ती या थोरल्या जोडीच्या पायगुणाने. ही गेली की दहाव्यांदा सुरुवात. सत्तावन्न वर्षांच्या बसड्रायव्हरने असं काही उघड बोलायचं नसतं. म्हणून तो तेच बोलला जे असे लोक बोलतात.

"तुम्हाला विकायच्या आहेत म्हणून सांगताय."

सुन्हेबाईने हिरवी जोडी उचलून परत कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं.

"आता मागितल्या तरी देणार नाही," ती म्हणाली. "फक्त एक करा. जास्तीच्या बॅटऱ्या खिशात मोकळ्या ठेवू नका. ही डबी घ्या, फुकट आहे. फुकट आहे म्हणून तरी वापरा."

दुहोने डबी घेतली, घरी नेली, आणि तिच्यात मासेमारीचे गळ ठेवले. गळ अगदी बेतशीर बसले.

*

त्याच आठवड्यात थोरल्या काकांचा फोन आला.

थोरले काका म्हणजे प्यो ग्वांजोंग, वय अठ्ठ्याऐंशी, सोल्गोकच्या प्यो कुळाचे मुख्य. दरवर्षी शरदात, भात निघाल्यावर, कुळातले सगळे पुरुष टेकडीवर सातव्या पिढीच्या आजोबांच्या थडग्याशी जमायचे. मद्य, मासे, फळं वाहून पूर्वजांना नमस्कार करायचा आणि एकाने जुन्या भाषेतलं निवेदन वाचायचं. या सातव्या आजोबांविषयी कुळात एवढीच माहिती शिल्लक होती की ते दरबारच्या परीक्षेला चार वेळा बसले, चारही वेळा नापास झाले आणि त्यांना अकरा मुलं झाली. तरी त्यांचा दरारा मोठा होता.

निवेदन वाचायचा मान वीस वर्षं दुहोच्या चुलतभावाकडे होता. त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं.

"दुह्या," काका फोनवर ओरडले. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते समोरच्यालाही बहिरा समजत. "या वर्षी तू वाच. तुझा आवाज बरा आहे. बसमध्ये थांब्यांची नावं ओरडतोस ना?"

"ती रेकॉर्ड असते, काका."

"तेच ते. आणि ऐक. तिथे ती तुझी फळांची वाफ सोडायची नाही. आजोबांना उदबत्ती लागते, पीच नाही."

हे सांगणारे काका स्वतः दिवसाला दीड पाकीट ओढत आणि एक सिगारेट कायम कानावर खोचून ठेवत. पण कुळाचे मुख्य म्हटल्यावर त्यांना तर्क लागू नव्हता.

दुहोला मान मिळाल्याचा आनंद अर्धा तास टिकला. मग भीती बसली. निवेदन जुन्या चिनी अक्षरांचं, एकही शब्द कळत नाही, आणि सूर असा लांब ओढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं माणूस विहिरीतून बोलतोय. त्याने स्टेअरिंगशेजारी कागद चिकटवला आणि प्रत्येक लाल दिव्याला सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी बसमधली एक म्हातारी मागून म्हणाली, "ड्रायव्हर, पोट दुखत असेल तर बाजूला घे. आम्ही थांबू."

सराव जसा वाढला तशी वाफही वाढली. थोरली जोडी आता दुसऱ्या फेरीलाच संपत होती.

"अहो, नव्या घ्या ना," ओक्रान म्हणाली.

"कार्यक्रम होऊ दे."

"कार्यक्रमाचा आणि बॅटरीचा काय संबंध?"

"आहे," दुहो म्हणाला आणि गप्प बसला. ओक्रानने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की नवरा गप्प बसला की आत काहीतरी मूर्खपणा शिजतोय, आणि तो शिजेपर्यंत झाकण उघडून उपयोग नसतो.

*

दिवस उजाडला तो कोरडा, निळा, वाऱ्याचा. टेकडीवरचं गवत वाळून पिवळं झालेलं. सकाळी दहाला सत्तावीस पुरुष पांढरे, घोळदार झगे आणि डोक्यावर काळ्या टोप्या घालून थडग्यासमोर उभे राहिले. बायका खाली कुळाच्या घरात चुलीवर रस्सा उकळत होत्या.

दुहोने झग्याखाली चांगली लोकरी विजार घातली होती. यंत्र त्याने काकांच्या धाकाने खाली ओक्रानच्या पिशवीत ठेवलं. पण आदल्या रात्री पूर्ण चार्ज केलेली थोरली जोडी मात्र त्याने विजारीच्या उजव्या खिशात टाकली. वापरायला नाही, नुसती सोबत म्हणून. कुणी ताईत बांधतं, कुणी आईचा फोटो ठेवतं. त्याच खिशात बसच्या किल्ल्यांचा जुडगा होता, कारण किल्ल्या तो कुठेच सोडत नसे. आणि कॉफीच्या मशीनसाठी चार नाणी.

मद्याचा पहिला पेला वाहून झाला. काकांनी मान हलवली. दुहो पुढे आला, थडग्याच्या डावीकडे गुडघ्यांवर बसला, कागद उलगडला. मागे उरलेली सव्वीसच्या सव्वीस माणसं कपाळ जमिनीला टेकून ओणवी झाली. निवेदन संपेपर्यंत कुणी हलायचं नाही, कुणी मान वर करायची नाही, असा नियम.

दुहोने सूर लावला. छान लागला. त्यालाच आश्चर्य वाटलं. पहिली ओळ त्याने खेचली ती पार समोरच्या पाइनच्या झाडांपर्यंत नेली आणि परत आणली.

दुसऱ्या ओळीला उजव्या मांडीला ऊब जाणवली.

बरं वाटलं. थडग्याजवळची जमीन गार होती. क्षणभर त्याच्या मनात हेही येऊन गेलं की सातव्या आजोबांचा हात असेल. नापास झाले असतील, पण मनाने प्रेमळ असावेत.

तिसऱ्या ओळीला आजोबांचा हात चांगलाच गरम झाला.

गुडघे मुडपून बसल्यावर खिसा आवळला गेला होता, आणि आतमध्ये बॅटऱ्या, किल्ल्या, नाणी एकमेकांवर दाबून बसली होती. दुहोला हे आता कळलं. सुन्हेबाईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, चष्म्यासकट. पण निवेदन अर्ध्यावर थांबवणं म्हणजे काय, हेही त्याला ठाऊक होतं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी एक चुलत काका वाचताना शिंकला होता, आणि त्याच्या मुलांना आजही 'शिंक्याची पोरं' म्हणत. राहिल्या होत्या सहा ओळी. दुहोने वेग वाढवला.

चौथ्या ओळीला त्याचा आवाज थरथरला. मागे ओणव्या झालेल्या कुणीतरी उसासा टाकला. असं मनापासून वाचताना त्यांनी या कुळात कधी ऐकलं नव्हतं.

पाचव्या ओळीला त्याच्या तोंडून निघालं, "आइगो!"

आता कोरियात आइगो हा शब्द असा आहे की पायावर धोंडा पडला तरी माणूस हेच म्हणतो आणि बाप गेला तरी हेच म्हणतो. अंत्यविधीला तर त्याचा सूर धरून रडायची रीतच आहे. सातव्या पिढीच्या आजोबांसाठी तीनशे वर्षांनी रडायची रीत नव्हती, पण वाचणाऱ्यालाच हुंदका फुटला म्हटल्यावर मागच्यांनी काय करावं?

"आइगो! आइगो!" दुहो ओरडला.

"आइगो... आइगो..." ओणव्या रांगांतून आधी एक म्हातारा, मग दुसरा, मग सगळं कुळ सुरात आलं. थोरल्या काकांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. हा पोरगा, ज्याला आपण आयुष्यभर दगड समजलो!

तेवढ्यात दुहोच्या झग्याखालून किटलीला वाफ धरावी तसा फुस्स आवाज आला आणि पांढरा धूर निघाला.

दुहो उडाला. त्याने झगा कमरेपर्यंत वर घेतला, पट्टा सोडला, आणि सातव्या पिढीच्या आजोबांच्या, मद्याच्या पेल्याच्या आणि वाळवलेल्या पोलॅक माशाच्या साक्षीने विजार उतरवून भिरकावली. विजार हवेत असताना खिशातून एक बॅटरी सुटली, ठिणग्यांचं कारंजं उडवत थडग्याच्या उतारावरून गडगडत गेली आणि वाळक्या गवतात जाऊन थांबली.

गवताने लगेच पेट घेतला.

"आइगो!" या वेळी सगळ्यांनी मान वर करून म्हटलं.

पुढची पाच मिनिटं प्यो कुळाने जे केलं ते त्यांच्या वंशावळीत लिहिलं जाणार नाही, पण लिहिण्याजोगं होतं. साठी-सत्तरीची माणसं झगे खोचून आगीवर तुटून पडली. कुणी पाइनच्या फांद्या तोडून झोडपलं, कुणी रबरी जोड्यांनी तुडवलं. पाण्याचा थेंब वर नव्हता, म्हणून आजोबांसाठी आणलेल्या भाताच्या मद्याच्या तीन किटल्या ओतल्या. त्या पुरेनात म्हणून पिण्यासाठी आणलेल्या आणखी पाच ओतल्या, आणि त्या ओतताना काहींचे चेहरे खऱ्या शोकाने भरून आले. थोरले काका काठी टेकत मध्ये उभे राहून हुकूम सोडत होते, "डावीकडून! डावीकडून घ्या! आणि तो मासा वाचवा रे!"

चटईएवढं गवत जळलं आणि आग विझली. मासा वाचला.

धूर मात्र खालून दिसला होता. लाल जाकीट घातलेला वणव्यांचा पहारेकरी मोटारसायकल फुरफुरवत चढावर आला. गावातलाच माणूस, पण ड्यूटीवर असताना तो कुणाला ओळखत नसे.

"कुणी लावली?" त्याने वही काढली.

दुहो झगा गुंडाळून उघड्या पायांनी उभा होता. उजव्या मांडीवर तळव्याएवढी लाल, फोडांची जागा. तो पुढे होऊन तोंड उघडणार, तोच थोरल्या काकांनी कानावरची सिगारेट काढून ओठांत धरली.

"मी," ते म्हणाले.

"आजोबा, या दिवसांत डोंगरावर सिगारेट ओढायला बंदी आहे. ठाऊक नाही?"

"मी अठ्ठ्याऐंशीचा आहे. मला काल काय जेवलो ते ठाऊक नाही."

"दंड होईल."

"कर."

पहारेकऱ्याने लिहिलं. मग त्याची पेन्सिल दुहोच्या पायांकडे वळली. "आणि हे? यांची विजार?"

काकांनी वळूनही पाहिलं नाही. "तो भावनाप्रधान आहे," ते म्हणाले.

मोटारसायकल उतरून गेली. दुहो काकांपाशी गेला. "काका, तुम्ही कशाला... माझी चूक होती."

"चूक तुझीच, गाढवा." काकांनी सिगारेट परत कानावर ठेवली. "पण सरकारी वहीत सिगारेट लिहिली तर माझं नाव खराब होईल. माझे किती दिवस राहिलेत? विजार लिहिली असती तर तुझ्या नातवंडांना काय म्हणाले असते, विचार कर."

दुहोने विचार केला आणि त्याला दरदरून घाम फुटला.

*

खाली बायकांना बातमी आधीच पोचली होती. एक चुलती मुठीत सोयाबीनच्या जुन्या खमंग पेस्टचा गोळा घेऊन धावत आली. "दुहो! लाव हे! भाजल्यावर हेच लावतात!"

"काकू, तो रस्सा नाही, माझा नवरा आहे," ओक्रान म्हणाली आणि दुहोला हाताला धरून ओढ्यावर घेऊन गेली. तिथे तिने त्याला पांढऱ्या झग्यासकट नोव्हेंबरच्या वाहत्या पाण्यात बसवलं आणि हातातल्या घड्याळात वीस मिनिटं लावली.

"ओक्रान, पाणी बर्फासारखं आहे."

"मघाशी गरम होतं म्हणून तक्रार होती ना."

ती काठावरच्या दगडावर बसली. मग तिचे खांदे हलायला लागले. दुहोला वाटलं रडतेय. बघितलं तर हसत होती, पण डोळे पुसतही होती, म्हणजे दोन्ही चाललं होतं.

"मांडीवर झालं," ती शेवटी म्हणाली. "चार बोटं इकडे सरकलं असतं तर? तोंडाशी धरलेलं असताना फुटलं असतं तर? बसमध्ये, त्या सगळ्या म्हाताऱ्या मागे बसलेल्या असताना?"

त्याचे दात वाजत होते.

डॉक्टरकडे न्यायला पुतण्या गाडी काढत होता, तोवर दुहो घोंगडी पांघरून कुळाच्या घराच्या ओट्यावर बसला. काका शेजारी येऊन बसले. त्यांनी पाकीट काढलं, एक सिगारेट पेटवली आणि दुहोच्या ओठांत ठेवली. असल्या दिवशी माणसाला काय लागतं हे त्यांना इतकंच माहीत होतं.

दुहोने ती धरली. थोरली जोडी तर गेली. एक जळाली, दुसरी कुठेतरी गवतात. म्हणजे हेच ते. दहावी वेळ. सहा वर्षं ज्या क्षणाला तो भीत होता तो ओट्यावर येऊन बसला होता, पेटलेला. त्याने डोळे मिटून एक झुरका घेतला.

तोंडात कुणीतरी भिजलेला मोजा जाळल्यासारखं झालं. तो खोकला, डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा खोकला. मग थांबला. वाट पाहिली, आता दुसऱ्या झुरक्याची इच्छा येईल म्हणून. आली नाही. उगाच आणखी जरा थांबला.

"काय रे?" काका म्हणाले.

"काका, हे तुम्ही रोज ओढता?"

"सत्तर वर्षं."

"घ्या," म्हणून दुहोने ती त्यांना परत दिली. काकांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं, पण वाया घालवली नाही.

*

जखम भरायला तीन आठवडे लागले. त्यानंतर पहिल्यांदा लंगडत घराबाहेर पडला तो थेट सुन्हेबाईच्या दुकानात गेला. बरोबर धाकटी जोडी आणि गवतात सापडलेली ती दुसरी बॅटरी होती, टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत बांधलेली. एवढं तो शिकला होता.

सुन्हेबाईने त्याला येताना पाहिलं आणि कपाटाची किल्ली शोधायला लागली. काय झालं ते तिला ठाऊक होतं. मिर्यांगमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं?

"मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, सांगितलं होतं ना," दुहो म्हणाला.

"सांगितलं होतं ना," सुन्हेबाई म्हणाली. "बसा. पाय कसा आहे?"

"बरा." तो स्टुलावर बसला. मग खाली बघत, आवाज बारीक करून त्याने ते सांगून टाकलं जे सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पायगुण, ताईत, सगळं. त्याला वाटलं बाई हसेल.

ती हसली नाही. तिने हिरवी जोडी काउंटरवर ठेवली. "दादा, बॅटरीला काय कळतं? यंत्राऐवजी टॉर्चमध्ये घातली असती तर तिने उजेड दिला असता. बत्तीस वर्षांची सिगारेट तुम्ही सोडली. आणि वहिनींच्या कुत्र्याने."

मग तिने जाड शाईचं पेन काढून दोन्ही बॅटऱ्यांवर त्या दिवसाची तारीख घातली आणि बाजूला एक-एक टिंब काढलं. "या दोघी एकत्र घातल्या, एकत्र काढल्या, एकत्र चार्ज केल्या. पुढच्या वर्षी याच महिन्यात दाखवायला आणायच्या. त्याआधी तापल्या, लवकर संपल्या, वेष्टणाला ओरखडा गेला, पडून पोचा आला, तर त्याच दिवशी. रात्री चार्जरला लावून झोपायचं नाही, भरल्या की काढायच्या. कळलं?"

"कळलं."

"म्हणून दाखवा."

दुहोने म्हणून दाखवलं. निवेदनापेक्षा सोपं होतं, निदान शब्द कळत होते. जुन्या तीन बॅटऱ्या तिने ठेवून घेतल्या, गोळा करणाऱ्यांकडे द्यायला. त्यांतल्या जांभळ्या बॅटरीवर दुहोने जाता जाता एकदा बोट ठेवलं. सुन्हेबाई तेव्हा मुद्दाम शेल्फवरची धूळ पुसत होती.

सोमवारी तो कामावर रुजू झाला. सकाळची पहिली बस, बाजाराचा दिवस. म्हाताऱ्या टोपल्या घेऊन चढल्या, एकेक जण कार्ड टेकवताना त्याच्या विजारीकडे नीट बघत. सगळ्या बसल्यावर मागून एक आवाज आला, "ड्रायव्हर, त्या खिशात आज काय आहे?"

"रुमाल, आजी."

"ओला की कोरडा?"

बस हसली. दुसरी म्हणाली, "अगं, गप. मनाचा हळवा आहे तो. आजोबांसाठी रडला, माझा मुलगा माझ्यासाठी रडेल का?"

"रडेल की," दुहो आरशात बघत म्हणाला. "मी सांगतो त्याला काय करायचं ते."

"नको बाई, विजार ठेवू दे त्याची," म्हातारी म्हणाली, आणि मग वळणावळणाने सोल्गोकपर्यंत हसणं थांबलंच नाही. शेवटच्या थांब्यावर त्यांच्या टोपल्या उतरवून देण्यात, कुणाचा कोबी गडगडत गेला तो धावून आणण्यात आठ मिनिटं निघून गेली. बस परत वळवल्यावर दुहोच्या लक्षात आलं की यंत्र त्याने कोटाच्या खिशातून काढलंच नव्हतं.